राइखानच्या ताटातला कान

राइखानने राजीनामा लिहिला तो स्वयंपाकघरात, चहाला उकळी येईपर्यंतच्या वेळात. चार ओळींचा तर कागद. ‘मला माझ्या स्वतःच्या इच्छेने कामावरून मुक्त करावे’ असं त्यात लिहावंच लागतं, त्याशिवाय कचेरी कागद हातात घेत नाही. पाच महिने एका माणसाने जीव नकोसा केला, आणि शेवटी लिहायचं काय, तर म्हणे स्वतःच्या इच्छेने! तिने तारखेची जागा मोकळी ठेवली आणि कागदाची घडी पर्समध्ये टाकली.

नवरा अमांताय दाराशी बूट चढवत होता. त्याने सगळं पाहिलं होतं.

“लिहिलंस?”

“लिहिलं.”

“देणार आज?”

“आज हंगामाचं जेवण आहे. भरल्या पंगतीत कशाला? जेवण उरकलं की साहेबांच्या हातात ठेवीन.”

“दे बाई, देऊन टाक एकदाचा. दोन गाई आहेत, आणखी दोन घेऊ. तू साय काढ, मी बाजारात नेऊन विकतो. निदान रोज सकाळी मोरीत ओकाऱ्या तरी काढणार नाहीस.”

बोलला ते प्रेमानेच बोलला. गाय टोमणे मारत नाही, हेही खरंच. राइखानने डोक्याला रुमाल बांधला आणि ती निघाली.

अक्कुदुक ही काही मोठी वस्ती नाही. रेल्वेचा एक फाटा, दोन दुकानं, एक शाळा आणि ते उंच धान्यकोठार. वस्तीतल्या निम्म्या चुली कोठारावर पेटतात, त्यामुळे तिथे भांडण करणं कुणाला परवडत नाही. शरद ऋतू लागला की गव्हाच्या गाड्या फाटकाबाहेर मैलभर उभ्या राहतात. गाडी रिकामी होण्याआधी तिच्यातला पसाभर गहू प्रयोगशाळेत येतो आणि त्याची प्रत ठरते. ती प्रत एकतीस वर्षं राइखान ठरवत आली होती, तीही हातांनी. गव्हाचं पीठ करायचं, त्याचा गोळा मळायचा, वीस मिनिटं वाटीखाली झाकून ठेवायचा आणि मग पाण्याच्या बारीक धारेखाली धूत बसायचं. पांढरं पाणी वाहून जातं आणि बोटांत उरतो तो चिवट गोळा. तो वजनाला भरतो किती आणि ताणला जातो किती, यावर सगळं. सोपं वाटतं; करून बघा म्हणजे कळेल. राइखानला हे प्रयोगशाळेच्या जुन्या प्रमुखांनी, ओराझबेक-आगांनी शिकवलं होतं. शेतकरी म्हणायचे, “राइखान-तातेने धुतलंय ना? मग वाद संपला.” ताते म्हणजे ताई, आगा म्हणजे थोरला दादा. सगळे तिला ताते म्हणत.

सगळे म्हणजे काइसार सोडून. काइसार झुमाबेकोविच, म्हणजे झुमाबेकचा मुलगा काइसार, हा नवा प्रमुख. वय वर्षं पस्तीस, राजधानीतून आलेला, बरोबर नवं यंत्र आणि अणकुचीदार बूट. कानामागून आला आणि तिखट झाला, ती गत. पण खरं सांगायचं तर सुरुवातीचे दोन महिने तो बरा वागला. मेच्या अखेरीस एका शेतकऱ्याने ठेवणीतला गहू आणला. यंत्राने प्रत चौथी सांगितली, राइखानच्या हातांनी तिसरी, म्हणजे एक पायरी वरची. शेतकऱ्यासमोर ती सहज म्हणून गेली, “काइसार झुमाबेकोविच, पुन्हा एकदा बघू या का?” पुन्हा बघितलं. तिसरीच निघाली. शेतकरी हसला, जाता जाता यंत्राला थोपटून म्हणाला, “शिकेल, शिकेल हळूहळू.” तो यंत्राला म्हणाला होता, पण काइसारला ते झोंबलं, आणि दुसऱ्या दिवसापासून तो तिच्या मागे हात धुऊन लागला.

आधी अगं-तुगं सुरू झालं. अठरा वर्षांनी मोठी बाई, आणि “ए राइखान, इकडे ये.” मग तिचं नाव ‘संग्रहालय’ पडलं. तिने ठरवलेली प्रत तो गाडीवाल्यांच्या देखत पुन्हा तपासायचा: “थांबा, आमच्या संग्रहालयाने काय धुतलंय ते जरा माणसाच्या डोळ्यांनी बघू दे.” तीन मिनिटं उशीर झाला की लेखी खुलासा. नळ चालू राहिला की खुलासा. ऑगस्टपर्यंत तिचे चाळीस खुलासे फायलीला लागले होते. एकतीस वर्षांत एकही नव्हता.

मग हात थरथरायला लागले. जे हात झोपेतही काम करत, ते पाण्याखाली कापू लागले, आणि एक दिवस गोळा निसटून थेट मोरीत गेला. काइसार मागेच उभा होता.

“वा! माझे वडील सत्तर वर्षांचे आहेत, अजून नव्या शिंगराच्या तोंडात लगाम घालतात. आणि तुला त्रेपन्नाव्या वर्षी पिठाचा गोळा धरवत नाही? लिही की राजीनामा. कुणाला त्रास नको, तुला पण नको.”

शेजारी ल्युबा होती, प्रयोगशाळेच्या वजनकाट्यावर बसणारी. वीस वर्षं दोघींनी एका डब्यातलं खाल्लं होतं. ल्युबाने मान खाली घातली आणि काट्याकडे बघत राहिली. राइखानला काइसारच्या बोलण्यापेक्षा ते जास्त लागलं.

ती एकदा कोठाराच्या साहेबांकडेही गेली होती. वालेरी पेत्रोविच वाईट माणूस नाही, पण कुणाचं भांडण दिसलं की त्याला खिडकीबाहेर काहीतरी महत्त्वाचं दिसू लागतं. “गरम रक्त आहे, राइखान. तू मोठी आहेस, तू समजून घे.” मोठ्याने समजून घ्यायचं आणि धाकट्याने काय वाटेल ते करायचं, असा न्याय. तोंड दाबून बुक्क्यांचा मार खात तिने हंगाम काढला. आता शेवटची गाडी रिकामी झाली होती, कुणाचं काम अडणार नव्हतं. जायला हीच वेळ बरी, असं तिने ठरवलं होतं.

जेवण कोठाराच्या भोजनगृहात. टेबलं जोडून लांब पंगत मांडली होती. आंबलेलं घोडीचं दूध, पिठाचे तळलेले गोळे म्हणजे बाउर्साक, दुधाचा चहा. मेंढा सकाळीच कापला होता आणि मांसाच्या वासाने सगळे खूश होते. दारापासून सगळ्यात लांब, मानाच्या जागी साहेब. त्यांच्या उजव्या हाताला काइसार, डाव्या हाताला ओराझबेक-आगा. आगा आता एक्याऐंशीचे झाले होते, डोळ्यांनी कमी दिसत होतं, पण दरवर्षी या जेवणाला त्यांना बोलावलं जाई आणि दरवर्षी ते पदकं लावून येत.

आचारीणबाईने मेंढ्याचं उकडलेलं डोकं ताटात घालून आणलं आणि साहेबांपुढे ठेवलं. वालेरी पेत्रोविचला इथे तीस वर्षं झाली, तरी डोकं समोर आलं की अजून घाम फुटतो. त्यांनी ताट उजवीकडे सरकवलं.

“काइसार, हे तुम्हा लोकांचं काम. कर बाबा रीतसर.”

आता रीतसर म्हणजे काय, तर ते ताट दोन्ही हातांनी उचलून आगांपुढे ठेवायचं. आगांनी आशीर्वादासाठी तळवे उघडलेसुद्धा होते. पण सगळी पंगत आपल्याकडे बघतेय म्हटल्यावर काइसारला चढलं. त्याने बाह्या सारल्या आणि सुरी उचलली. आगांनी तळवे हळूच मांडीवर ठेवले. एवढी माणसं बसली होती, कुणी हटकलं नाही. राजधानीचा माणूस, साहेबांनीच सांगितलेलं, आपण कशाला मध्ये पडा.

काइसारने गालाचा तुकडा काढून साहेबांना दिला. मग कान कापला, सुरीच्या टोकावर घेतला आणि उभा राहून, टेबलाच्या टोकापर्यंत ऐकू जाईल असा म्हणाला,

“हा राइखानला! घे. आमच्याकडे कान देतात तो ऐकण्यासाठी. खाल्लास तर कदाचित सांगितलेलं ऐकशील!”

कान हातोहात सरकत राइखानच्या ताटात येऊन पडला. चारदोन जण हसले. कान लहान मुलाला देतात. नातवाला, पुतणीला, थोरांचं ऐक म्हणून. तिने स्वतःच्या लेकीला दिला होता, ती चार वर्षांची असताना. त्रेपन्न वर्षांच्या बाईला भर पंगतीत कुणी कान दिल्याचं अक्कुदुकमध्ये कुणी पाहिलं नव्हतं. हसणारेही मग हसायचे थांबले आणि आपापल्या ताटात बघू लागले. ल्युबाही.

राइखानचं तोंड तापलं. पर्समधला कागद काढावा, कानाशेजारी ठेवावा आणि चालू पडावं, एवढंच तिच्या मनात आलं. हात पर्सकडे गेलाही. पण उठण्याआधी तिने एकदा वर पाहिलं. काइसार सुरी फिरवत होता, टाळूकडे वळला होता, आणि तेव्हा कुठे तिच्या लक्षात आलं की हा माणूस करतोय काय. गोळा मोरीत निसटला त्या दिवशीचे त्याचे शब्द तिला आठवले. तिने हात पर्सवरून काढला.

“काइसार झुमाबेकोविच,” ती म्हणाली. आवाज कापला नाही, याचं तिलाच नवल वाटलं. “झुमाबेक-आगा कसे आहेत? तब्येत बरी ना?”

काइसारला वाटलं, आली बाई वळणावर. तो खुलला.

“देवाच्या दयेने ठणठणीत! परवाच एक घोडा पकडलाय.”

“शंभर वर्षं जगोत,” राइखान म्हणाली. “मग ते असताना त्या डोक्याला सुरी कशी लावलीत?”

ज्याचा बाप जिवंत आहे त्याने मेंढ्याचं डोकं कापायचं नसतं, हे आमच्याकडे शेंबडं पोरही सांगेल. तो मान बापाचा. बाप गेल्यावर तो मुलाकडे येतो. त्याआधी सुरी उचलणं म्हणजे चार माणसांत बापाला मातीत घालणं. पंगतीतल्या बाकीच्यांनी मनात धरलं होतं की बिचाऱ्याचे वडील वारले असणार. कान कुणाला देतात हे काइसारने कुठेतरी ऐकलं होतं आणि तेवढ्या अर्ध्या हळकुंडाने तो पिवळा झाला होता. डोकं कुणी कापायचं हे शहरात त्याला कुणी सांगितलंच नव्हतं, किंवा सांगितलं तेव्हा त्याचं लक्ष नव्हतं.

“पोरा,” ओराझबेक-आगा म्हणाले, “सुरी खाली ठेव.”

सुरी खाली आली ती ताटावर आपटून. काइसारच्या ओठांवरचा रंग उडाला होता. राइखानने कान उचलून परत मोठ्या ताटात ठेवला. आगांनी ताट आपल्याकडे ओढलं, तळवे उघडले, आशीर्वाद म्हटला, आणि त्यात झुमाबेकच्या आयुष्यासाठी दोन शब्द जास्तीचे घातले. पंगतीने रीतीप्रमाणे तोंडावरून हात फिरवले. तोवर काइसारची खुर्ची रिकामी झाली होती आणि बाहेर मोटार सुरू झाल्याचा आवाज आला.

संध्याकाळी अमांताय हसून हसून बेजार झाला. “तब्येत बरी ना, म्हणे! अगं, तुला कुणी शिकवलं हे?” राइखान मात्र रडायला लागली.

“त्या म्हाताऱ्याने माझं काय वाईट केलं होतं? त्याला कशाला ओढलं मी मध्ये?”

“तू शिवी दिलीस का? चौकशी केलीस. चौकशी करायचीच असते.” मग तो जरा गंभीर झाला. “कागद दिलास का?”

“राहून गेला.”

“सोमवारी दे. आता तर ताठ मानेने देशील.”

हे मात्र तिला पटत होतं. शनिवार-रविवार ती तेच घोळवत राहिली. आता गेली तर वस्ती म्हणेल, उट्टं काढून गेली. राहिली तर तो परत येईल, आणि दुखावलेला माणूस काय काय करेल कुणी सांगावं. सगळं शहाणपण सांगत होतं की जा. फक्त हात ऐकत नव्हते. रविवारी तिने शेवयांचं पीठ मळलं तर बोटं आपोआप गोळ्याची चिकाटी तपासू लागली, आणि ही बोटं आता सायीच्या भांड्यात जाणार, या विचाराने तिने पीठ तसंच झाकून ठेवलं.

सोमवारी काइसार आला नाही. आली ती ल्युबा, आणि तिने टेबलावर एक कागद ठेवला. तक्रारअर्ज होता. तारखा, वार, काइसार कुणासमोर काय बोलला ते शब्दशः. खाली चार सह्या: ल्युबाची, दोन हमालांची, आचारीणबाईची. पाचवी जागा राइखानसाठी.

“तारखा मी मेपासून लिहून ठेवल्यात,” ल्युबा म्हणाली. “दाखवायची लाज वाटली. लिहीत बसले, तोंड नाही उघडलं.”

राइखानला आधी रागच आला. “पाच महिने कुठे होतीस गं तू?”

“वजनकाट्यामागे,” ल्युबा म्हणाली, आणि तिचे डोळे भरले. “तुझ्याइतकी नोकरी मलाही प्यारी आहे. घाबरले मी. शुक्रवारी तू बोललीस आणि आभाळ काही कोसळलं नाही.”

राइखानने तिच्याशी अर्धा दिवस अबोला धरला. दुपारी डबा मात्र दोघींनी एकच उघडला. मंगळवारी सकाळी तिच्या लक्षात आलं की आज आपण ओकलो नाही. त्या दिवशी तिने कोठारातल्या साठ्याचे सात नमुने धुतले आणि एकही हातातून सुटला नाही. मग तिने पाचवी सही केली. पर्समधला तो दुसरा कागद मात्र होता तिथेच होता. कोणता द्यायचा हे अजून ठरत नव्हतं.

गुरुवारी काइसार आला. बुटांवर खेड्यातली धूळ. आत आला, दार लावलं आणि टेबलापाशी उभा राहिला. ल्युबा उठून जायला लागली तर राइखानने तिला डोळ्यांनीच बसवलं.

“वडिलांकडे गेलो होतो,” तो म्हणाला.

“बरे आहेत?” राइखानने विचारलं, आणि या वेळी तिला खरंच जाणून घ्यायचं होतं.

“बरे आहेत.” तो खाली बघत बोलू लागला. “त्यांना सांगितलं सगळं. डोक्याचं ऐकून हसले. म्हणाले, ‘मेंढ्याच्या सुरीने मरायचा असतो तर कधीच मेलो असतो. पुढच्या वेळी ताट थोरल्याकडे सरकव, झालं.’ मग म्हणाले, ‘कान कुणाला दिलास?’ मी सांगितलं. मग नाही हसले. दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. मी माफी मागायला गेलो तर म्हणाले, ‘माझी कसली मागतोस? जिची मागायची तिच्यापुढे जा.’ म्हणून आलोय. मी... चुकलो. त्या दिवशीच नाही, आधीपासून.”

नळ ठिबकत होता. राइखानला वाटलं होतं की हे शब्द ऐकले की आपल्याला बरं वाटेल. वाटलं थोडं, पण जेवढं वाटायला हवं होतं तेवढं नाही.

काइसारने घाईघाईने पुढचं बोलून टाकलं. “तुम्हाला जायचं असेल तर मी अडवणार नाही. उत्तम शिफारसपत्र देतो. स्टेशनपलीकडच्या कोठारात माझी ओळख आहे, उद्याच बोलतो. तुम्हाला इथे थांबणं जड जाणार, कळतं मला.”

राइखानने त्याच्या तोंडाकडे नीट बघितलं. माणूस खोटं बोलत नव्हता. पण जड कुणाला जाणार होतं हे तिला स्वच्छ दिसलं. आधी तो तिला तुसडेपणाने घालवत होता, आता चांगुलपणाने; जायचं दोन्ही वेळी तिनेच. आणि इतके दिवस जे ठरत नव्हतं ते त्या क्षणी ठरलं.

तिने तक्रारअर्ज काढून त्याच्यापुढे ठेवला. त्याने वाचला. शेवटच्या सह्यांपर्यंत पोचता पोचता त्याचा चेहरा लाल झाला.

“हा आज वर जाणार नाही,” ती म्हणाली. “माझ्या नमुन्याबद्दल शंका असेल तर दार लावून विचारायचं, दोघं मिळून पुन्हा धुऊ. गाडीवाल्यांसमोर नाही. आणि माझ्याशीच नाही, इथल्या कुणाशीही पुन्हा तसं बोललात, तर त्याच दिवशी हा कागद वर जाईल. पाच जण आहोत.”

“कबूल,” तो म्हणाला. मग चाचरत विचारलं, “आणि तुमचं जाणं?”

एकतीस वर्षांत तिने कुठल्याही प्रमुखाला एकेरी हाक मारली नव्हती. आज तिने त्याच्या वयाकडे बघितलं आणि प्रमुखपण बाजूला ठेवलं.

“नाही जात मी, काइसार. तुला रोज माझं तोंड बघावं लागेल. रोज सकाळी थोडी लाज वाटेल. वाटू दे. मलाही पाच महिने वाटत होती, आणि मी तर काही केलंही नव्हतं. माणूस मरत नाही त्याने. वर्षभरात कमी होईल बघ.”

त्याने मान हलवली. बाहेर उशिरा आलेल्या कुणाच्या तरी गाडीचा भोंगा वाजला. राइखानने बाह्या वर सारल्या आणि ल्युबाला म्हणाली, “बघ गं, नमुना आलाय वाटतं.”